वाहतूक परवाना : धानोऱ्याच्या जंगलातला माल कोणाच्या सहीने बाहेर गेला?

१/ २७ एप्रिल २०११. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या लहानशा गावात केंद्रीय पर्यावरण व वन मंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले होते. मंत्रिमहोदयांनी ग्रामसभेच्या वतीने उभ्या असलेल्या देवाजी तोफा यांच्या हाती एक पुस्तक दिले. ते वाहतूक परवान्यांचे पुस्तक होते. जंगलातला माल गाडीत घालून नाक्यापलीकडे न्यायचा, तर लागणारा कागद त्या दिवसापासून गाव स्वतःच्या सहीने फाडून देणार होते.

२/ एका परवानापुस्तकासाठी केंद्रीय मंत्र्याला दिल्लीहून का यावे लागले? या प्रश्नाचे उत्तर सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासात आहे. अन्न आणि वनोपज यांची पुरवठा साखळी ‘शाश्वत’ कशी करावी, याची चर्चा हल्ली प्रमाणपत्रे, वेष्टने आणि वाहतुकीचे इंधन यांभोवती फिरते. धानोऱ्याचा इतिहास त्याआधीचा प्रश्न विचारतो : साखळीच्या पहिल्या कडीवर, म्हणजे झाडापाशी, किती घ्यायचे आणि किती ठेवायचे हे ठरवतो कोण?

३/ प्रथम भूगोल. गडचिरोलीहून पूर्वेकडे धानोरा, पुढे मुरूमगाव आणि त्यापलीकडे छत्तीसगड अशी ही वाट जाते. परिसरात कठाणी नदी, भाताची बांधीबंदिस्त शेते आणि त्यांना वेढून असलेले साग, मोह, तेंदू, बांबूचे रान. ब्रिटिश काळात हा मुलूख मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. संविधानाच्या पाचव्या अनुसूचीनुसार धानोरा तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो. ही नोंद पुढे महत्त्वाची ठरते.

४/ येथील वर्षाचे अन्न एकट्या शेतातून येत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले गळतात. त्यानंतर चारोळी आणि टेंभरे पिकतात. मे महिन्यात तेंदूपत्ता तोडला जातो. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे ‘वास्ते’, भाजीसाठी निघतात. रानभाज्या, कंद, अळिंबी असतातच. भात कोठारात येईपर्यंतचे महिने या रानमेव्यावर आणि तो विकून आलेल्या पैशावर काढावे लागतात. जंगल हे येथे शेतीचे दुसरे अंग आहे.

५/ या मालाची जुनी साखळी आखूड होती. घरी लागेल तेवढे ठेवून उरलेले आठवडी बाजारात जाई आणि तिथून मीठ, कापड, लोखंडी अवजारे घरी येत. हा व्यवहार नेहमी न्याय्य होता असे नाही. चारोळीच्या बदल्यात मीठ घेऊन परतणारा आदिवासी आणि तीच चारोळी शहरात महाग विकणारा व्यापारी, हे मध्य भारताच्या वनपट्ट्याचे जुने दृश्य आहे. परंतु कोणते झाड कधी झाडायचे आणि कोणते राखायचे, हे गाव ठरवत असे.

६/ जमीन कागदोपत्री कोणाची होती? चांदा जिल्ह्याच्या पूर्वेस लहान-मोठ्या जमीनदाऱ्या होत्या. मुरूमगाव, रांगी ही त्यांपैकी काही नावे. १८५३ साली रघुजी तिसरे भोसले निधन पावल्यावर नागपूरचे राज्य कंपनीने खालसा केले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. जमीनदार सारा भरत. रयतेला घरबांधणीचे लाकूड, सरपण, चराई आणि फळे-फुले रानातून घेता येत. या वहिवाटीचे नाव ‘निस्तार’. आजही या भागातील वृद्धांच्या तोंडी हा शब्द ऐकू येतो.

७/ त्याच सुमारास साम्राज्याची लाकडाची भूक वाढली. रेल्वेच्या रुळांखालचे स्लीपर, पूल, वखारी यांसाठी साग-साल हवे होते. १८६४ साली वनखाते स्थापन झाले आणि डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनशास्त्रज्ञ त्याचे पहिले महानिरीक्षक झाले. १८६५, १८७८ आणि अखेर १९२७ असे तीन वन कायदे आले. विसाव्या शतकाच्या आरंभी गोंदिया-चांदा हा लोहमार्ग झाला. त्यावरील वडसा हे स्थानक पूर्वेकडील जंगलपट्ट्याला देशाच्या बाजारपेठेशी जोडणारे दार ठरले.

८/ १९२७च्या भारतीय वन अधिनियमातील तीन तरतुदी लक्षात ठेवाव्यात. कलम २(७) नुसार २०१७ पर्यंत बांबूचा समावेश ‘वृक्ष’ या संज्ञेत होत असे. कलम ४१ नुसार वनोपजाच्या वाहतुकीचे नियम करण्याचा अधिकार सरकारला मिळतो. परवाना, नाका, तपासणी हे सारे त्यातून आले. कलम ६९ नुसार एखादे वनोपज सरकारचे आहे की नाही असा वाद उद्भवल्यास, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानले जाते. म्हणजे डोक्यावर मोळी घेऊन चाललेल्या माणसानेच ती आपली असल्याचे सिद्ध करायचे.

९/ याच कायद्यात ‘ग्रामवन’ नावाचे कलम २८ देखील आहे. राखीव जंगलावरील सरकारचे हक्क एखाद्या गावसमूहाकडे सोपवता यावेत, अशी ती तरतूद. १८७८च्या कायद्यातही ती होती. देशाच्या बहुतेक भागांत ती कागदावरच राहिली. गावाने जंगल सांभाळावे ही कल्पना ब्रिटिश विधिज्ञांना सुचली नव्हती असे म्हणता येत नाही. ती अमलात आणावी असे राज्यकर्त्यांना वाटले नाही, इतकेच.

१०/ स्वातंत्र्यानंतर जमीनदारी गेली. मध्य प्रदेशचा मालकी हक्क निर्मूलन कायदा १९५० सालचा. त्याची अंमलबजावणी १९५१ मध्ये झाली, तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता. कसणाऱ्याच्या दृष्टीने हा कायदा मोठा दिलासा होता. जंगलाच्या बाबतीत मात्र जमीनदाराची जागा सरकारने घेतली. निस्ताराची वहिवाट सवलतीत रूपांतरित झाली आणि सवलत पुढे हळूहळू आक्रसत गेली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा ही व्यवस्था वारशाने आली.

११/ आता बांबूकडे वळू. बल्लारपूरला १९४५ साली कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली. कागदाचा लगदा करण्यास बांबू उत्तम, आणि तो चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात विपुल. राज्य शासनाने गिरणीला दीर्घ मुदतीच्या कराराने बांबू तोडण्याचे हक्क दिले. गावकऱ्यांच्या वाट्याला तोडणीची मजुरी आली. मात्र घराचा कूड, टोपली, सूप किंवा शेताच्या कुंपणासाठी चार काठ्या आणायच्या, तर त्यांना अडवले जाई.

१२/ यात केवळ न्यायाचा प्रश्न नाही, वनस्पतीशास्त्राचाही आहे. येथील बांबू, म्हणजे मानवेल, ‘रांजी’ करून वाढतो. पावसाळ्यात जमिनीतून कोंब फुटतात. काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतात, पण पक्के व्हायला दोन-तीन वर्षे घेतात. म्हणून चालू वर्षाचा बांबू कापायचा नाही, रांजीत पुरेसे जुने दांडे आधाराला ठेवायचे, तोड जमिनीलगत एक-दोन पेरे सोडून घ्यायची, असे नियम आहेत. नगावर मजुरी मिळणाऱ्या आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कूपात जाणाऱ्या टोळीला ते पाळण्यात काही लाभ नसतो.

१३/ कर्नाटकातील उत्तर कन्नडमध्ये पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सत्तरच्या दशकात नेमके हेच तपासले. कागद गिरणीसाठी तोड करताना रांजीच्या बुंध्याभोवतीचे काटेरी आवरण साफ केले जाई. त्याने नवे कोंब चांगले येतील, असा तज्ज्ञांचा समज. गावकरी म्हणत, काटे काढले की गुरे कोंब खातात. निरीक्षणांती गावकरी बरोबर ठरले. रांजीजवळ राहणाऱ्याला जे दिसत होते, ते दूरच्या कार्यालयाला दिसत नव्हते.

१४/ तेंदूपत्त्याची साखळी बांबूहून निराळी. १९६९ साली महाराष्ट्राने वनोपज व्यापाराचे विनियमन करणारा कायदा केला आणि तेंदूचा व्यापार सरकारी नियंत्रणाखाली गेला. विक्री लिलावाने, तोडणी ठेकेदारामार्फत. ७० पानांचा एक पुडा, असे १,००० पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. पाने मोठी आणि कोवळी यावीत म्हणून हंगामाआधी झुडपे छाटली जात. रानाला आगीही लावल्या जात. त्या आगीत मोहाची, चारोळीची, आवळ्याची रोपे जळत. एका पिकाच्या सोयीसाठी बाकीच्या अन्नाची मुळे तुटत.

१५/ मोहफुलांची कथा तर थेट अन्नाची. दुष्काळात वाळवलेल्या मोहावर माणसे जगली आहेत. परंतु शासनाच्या नजरेत मोह म्हणजे दारू. मुंबई इलाख्यात १८९२ साली खास ‘मोहरा अ‍ॅक्ट’ करून ठाणे-कुलाब्यात या फुलांच्या साठ्यावर बंधने आली. दारूबंदीच्या स्वातंत्र्योत्तर कायद्यांनीही संकलन आणि साठवण नियंत्रित ठेवली. साठा करता आला नाही की एप्रिलमध्ये मिळेल त्या भावाने विकावे लागते, आणि पावसाळ्यात तोच मोह चढ्या दराने परत घ्यावा लागतो. महाराष्ट्राने हे निर्बंध शिथिल केले ते २०२१ साली.

१६/ धानोऱ्यात वारे फिरले ते ऐंशीच्या दशकात. गोदावरी-इंद्रावतीवरील इचंपल्ली आणि भोपालपट्टणम या नियोजित धरणांविरुद्ध आदिवासींनी मोठे आंदोलन केले. बाबा आमटे, लालश्याम शहा यांच्यासारखी माणसे त्यात होती. धरणे मागे पडली. आंदोलनातून परतलेल्या मेंढ्याच्या लोकांनी पुढचा प्रश्न स्वतःला विचारला : जंगल वाचवले, पण ते सांभाळणार कोण? ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा त्याच मंथनातून आली.

१७/ घोषणेला कार्यपद्धतीची जोड मिळाली. देवाजी तोफा गावातले; त्यांना साथ देणारे मोहन हिराबाई हिरालाल चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे. गावाने दोन गोष्टी ठरवल्या. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने घ्यायचा; एकाचाही विरोध असेल तर पुन्हा चर्चा. आणि निर्णयापूर्वी अभ्यास गटात कायदा, हिशेब, जंगलाची स्थिती समजून घ्यायची. या रीतीने निर्णयाला वेळ लागतो. मात्र एकदा ठरलेले मोडण्याचे निमित्त कोणाजवळ उरत नाही.

१८/ मग आले नियम. फळांसाठी फळझाड तोडायचे नाही. रानाला आग लावायची नाही. घरी लागेल तेवढेच लाकूड, तेही ग्रामसभेच्या परवानगीने. जंगलात अतिक्रमण नाही. आळीपाळीने गस्त. गिरणीच्या बांबूतोडीलाही गावाने विरोध केला. यातला एकही नियम तेव्हा कायद्याच्या बळावर उभा नव्हता. हक्क मिळण्याच्या कित्येक वर्षे आधी गावाने स्वतःवर मर्यादा घालून घेतली, हा क्रम ध्यानात घ्यावा.

१९/ मधाचे उदाहरण बोलके आहे. आग्या मोहोळाचा मध काढताना जुन्या पद्धतीत पोळे धुराने वा जाळाने रिकामे करून संपूर्ण तोडत. माश्या मरत आणि अंडी-पिल्ली पिळली जात. मेंढ्याच्या तरुणांनी निराळी रीत शिकून घेतली. अंगभर संरक्षक पोशाख घालून रात्री झाडावर चढायचे आणि पोळ्याचा फक्त मध साठवलेला भाग कापायचा. पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा. माश्या राहतात, त्याच पोळ्यात पुन्हा मध भरतो आणि आसपासच्या फुलांचे परागीभवनही चालू राहते.

२०/ कायद्यानेही हळूहळू दिशा बदलली. १९९६चा पेसा कायदा अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी देतो. मात्र महाराष्ट्राने १९९७ साली त्यानुसार कायदा केला, तेव्हा ज्यांत खरा पैसा होता ते बांबू आणि तेंदू यादीबाहेर राहिले. २०१४ साली राज्यपालांच्या अधिसूचनेने ती उणीव दूर झाली. मधल्या काळात २००६चा वनहक्क कायदा आला. त्याच्या व्याख्येत गौण वनोपज म्हणून बांबू आणि तेंदू या दोहोंचा स्पष्ट उल्लेख होता.

२१/ २००९ साली मेंढा (लेखा) आणि धानोरा तालुक्यातीलच मर्दा या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. देशातील अशा पहिल्या गावांत त्यांची गणना होते. मेंढ्याच्या वाट्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचे व्यवस्थापन आले. ग्रामसभेने बांबू विकण्याचे ठरवले आणि वाहतूक परवाना मागितला. वनखात्याने नकार दिला. आधार तोच : १९२७च्या कायद्यात बांबू वृक्ष आहे, म्हणून तो गौण वनोपज नव्हे.

२२/ वनस्पतीशास्त्र बांबूला गवत म्हणते, २००६चा कायदा गौण वनोपज म्हणतो, १९२७चा कायदा तेव्हा वृक्ष म्हणत होता. तोडण्याचा हक्क गावाला आणि गाडीत घालण्याचा हक्क खात्याला, असा हा पेच. वनहक्काच्या २००८च्या नियमांत तर डोक्यावरून, सायकलीवरून किंवा हातगाडीवरून माल नेण्यास मुभा होती. मोटारगाडी आली की जुने परवाना-नियम लागू. ट्रकभर बांबू डोक्यावरून कोण नेणार? हक्क होता, तो बाजारापर्यंत पोहोचू शकत नव्हता.

२३/ मार्च २०११ मध्ये जयराम रमेश यांनी सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू हा गौण वनोपज मानावा असे कळवले. एप्रिलमध्ये ते स्वतः मेंढ्यात आले. पहिल्या भागात वर्णन केलेले पुस्तक ते हेच. सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क नियमांतही दुरुस्ती झाली : योग्य त्या कोणत्याही वाहनाने वाहतूक करता येईल आणि परवाना ग्रामसभेची समिती देईल. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्राने वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू १९२७च्या ‘वृक्ष’ व्याख्येतून वगळला.

२४/ परिणाम काय झाला? बांबूची विक्री, मजुरी आणि तोडीचे नियम ग्रामसभेच्या हाती आले. २०१३च्या हंगामापासून विदर्भातील काही ग्रामसभांनी तेंदूचे लिलावही स्वतः करण्यास प्रारंभ केला. ठेकेदार गेला नाही, पण तो आता ग्रामसभेशी करार करू लागला. आग लावायची नाही, झुडूप छाटायचे नाही, अशा अटी घालणे गावांना शक्य झाले. पूर्वी रॉयल्टी सरकारी तिजोरीत जमा होई. आता तिचा विनियोग गाव ठरवू लागले.

२५/ तथापि ही कथा विजयाने संपत नाही. परवाना हाती आला. भाव अजूनही दूरच्या बाजारात ठरतो. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये तेंदूपत्त्यावर १८ टक्के कर लागला. गोदाम नसेल तर मोह पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. खेळते भांडवल नसेल तर तोडणीची मजुरी चुकवण्यासाठी व्यापाऱ्याच्या आगाऊ रकमेवर विसंबावे लागते, आणि आगाऊ रक्कम घेतली की भावाची घासाघीस करण्याचे बळ उरत नाही.

२६/ हा अनुभव जगातही एकट्या धानोऱ्याचा नाही. ब्राझीलच्या आक्रे प्रांतात रबर आणि ब्राझील नट गोळा करणाऱ्यांचे नेते शिको मेंडिस यांची डिसेंबर १९८८ मध्ये हत्या झाली. १९९० साली त्यांच्याच नावाने संग्राहकांसाठी राखीव वन निर्माण झाले. हक्क मिळाला, पण रबराचा भाव पडत गेला तशी त्या वनातील अनेक कुटुंबे गुरेपालनाकडे वळली आणि कुरणांसाठी जंगल तोडले गेले. हक्कामुळे जंगल राखणे शक्य होते. ते परवडण्यासाठी भाव लागतो.

२७/ म्हणून ‘शाश्वत पुरवठा साखळी’ या शब्दाकडे इतिहासाच्या अंगाने पाहिले, तर दोन कड्या ठळक दिसतात. पहिली झाडापाशी : तोडणाऱ्याला पुढच्या वर्षी त्याच रांजीकडे परत यायचे आहे का, आणि थांबण्याचा अधिकार त्याच्याकडे आहे का? दुसरी बाजारापाशी : थांबण्याची किंमत कोण भरतो? पहिली कडी जोडायला धानोऱ्याला १९२७ ते २०११ एवढा काळ लागला. दुसरीचे काम चालू आहे.

२८/ शहरातल्या दुकानात चारोळीची पुडी, मधाची बाटली किंवा बांबूची टोपली हाती येते तेव्हा तिच्यावर भाव, वजन आणि तारीख छापलेली असते. ती जंगलातून कोणाच्या परवान्याने निघाली, हे छापलेले नसते. मेंढ्याच्या ग्रामसभेच्या पुस्तकातील प्रत्येक परवान्यावर मात्र ते लिहिलेले असते.